तारबेकचं साल

मी फुटबॉलच्या एका संघाचा मालक होतो तेव्हा माझ्याकडे दोन शर्ट होते, आणि फुटबॉलचा सामना मी उभ्या जन्मात एकदाही पाहिलेला नव्हता. आमच्याकडे क्रिकेट आणि कबड्डी, बाकीचे खेळ पेपरातले. शाळेच्या कपाटात हवा गेलेला एक फुटबॉल होता, त्यावर पी.टी.चे सर पाय टेकवून वर्तमानपत्र वाचायचे. तरीही वसमतच्या बसस्टँडसमोरच्या एका नेट कॅफेत बसून मी खेळाडू घेत होतो, विकत होतो, तिकिटाचे दर ठरवत होतो आणि कुठल्याशा परदेशी नावाचा एक कोच पगारावर ठेवून होतो. आज हे लेकीला सांगितलं की ती विचारते, "पण बाबा, त्यात मज्जा काय होती?" मज्जा कसली. मी एकटा होतो.

अकरावीला मी वसमतच्या मुलांच्या वसतिगृहात राहायला आलो. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की पोरं पिशव्या काखोटीला मारून स्टँडकडे पळायची आणि सोमवारी भाकरी, तिळाची चटणी, लसणाचा ठेचा घेऊन परत यायची. दीड दिवस ते वसतिगृह माझं एकट्याचं असायचं. एरवी कधी ऐकू न येणारे आवाज तेव्हा ऐकू यायचे. नळाचं ठिबकणं, मधल्या खोलीतल्या पंख्याची खटखट, मागच्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यावर उतरणाऱ्या कबुतरांचे पाय. स्वयंपाकाच्या मावशी म्हणायच्या, "तुझ्या एकट्यापायी काय चूल पेटवू रं लेकरा?" आणि सकाळचंच वरण झाकून जायच्या. संध्याकाळी त्यावर साय धरलेली असायची. ती बोटानं बाजूला सारून मी जेवायचो आणि ताट धुताना मुद्दाम जरा जास्त आवाज करायचो.

मी गावी का जात नव्हतो, तर जायला घर नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली. ताई लग्न होऊन सेनगावकडे नांदत होती. वस्तीतलं आमचं मातीचं घर एका पावसाळ्यात बसलं ते पुन्हा उभं राहिलंच नाही. बा, म्हणजे माझे वडील लिंबाजी, गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते आणि त्याच्याच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या खोलीत, बैलांशेजारी झोपत होते. मी आखाड्यावर गेलो की मालक मलाही कामाला लावायचा. "शिकणाऱ्या पोरानं हात हलवले तर अक्षर बिघडतं का?" असं हसत हसत म्हणायचा. बाला ते लागायचं. म्हणून बाच महिन्या-दोन महिन्यांनी बाजारच्या दिवशी वसमतला यायचा, पातळ बेसन आणि भाकरी फडक्यात बांधून. आम्ही स्टँडच्या बाकावर बसून जेवायचो. बोलणं फार नसायचं. बा विचारायचा, "अभ्यास बराबर चालू हाय नव्हं?" मी "व्हय" म्हणायचो.

साल म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गडी पाडव्याला ठेवायचा, तो पुढच्या पाडव्यापर्यंत. मालक आणि गडी ओट्यावर समोरासमोर बसतात. म्हणजे मालक ओट्यावर आणि गडी खाली. पैसे किती, ज्वारी किती पोती, घोंगडी, कपड्याचा जोड, असं एकेक ठरतं. सगळं ठरलं की शेवटी मालक घरातून चामड्याच्या नव्या वहाणांचा जोड आणून गड्यापुढे ठेवतो. वहाणा आल्या की साल ठरलं. मग कुणी तोंडानं काही बोलत नाही, बोलायची गरज नसते. आणि एकदा ठरलं की वर्षाच्या मध्ये साल मोडायचं नाही, ना मालकानं ना गड्यानं. नव्या वहाणा पहिला महिनाभर करकर वाजतात. लहानपणी पाडव्याच्या संध्याकाळी तो आवाज बांधावरून यायला लागला की मला वाटायचं, चला, वर्षभराचं मिटलं. बाचा चहाचा कप मालकाकडे गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा, ते मला पुष्कळ उशिरा खुपायला लागलं. त्या वयात वहाणांचा आवाज एवढा मोठा होता की कप दिसतच नव्हता.

तर तो फुटबॉलचा खेळ, इंटरनेटवरचा. नेट कॅफे रफीकभाईंचा. लाकडी खोपटं, त्यांना गुडघ्यापर्यंतचे निळे पडदे, आत एकेक कॉम्प्युटर. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला म्हणून पहिल्यांदा गेलो आणि शेजारच्या खोपट्यात नांदेडहून सुट्टीला आलेला एक मुलगा हा खेळ खेळत होता. त्यानं माझंही खातं उघडून दिलं, तो चार दिवसांनी गेला आणि मी अडकलो. खेळात चित्र काही नव्हतं. दर गुरुवारी सामना आपोआप व्हायचा आणि पडद्यावर इंग्रजीत एकेक ओळ उमटायची, अमुक मिनिटाला अमक्यानं चेंडू तमक्याला दिला. बहुतेक वेळा त्याच वेळी लाइट जायची आणि निकाल शुक्रवारी कळायचा. माझं काम संघ चालवण्याचं. तिकीट किती ठेवायचं, मैदानाला पायऱ्या किती बांधायच्या, पोरसवदा खेळाडू घेऊन त्याला तयार करून केव्हा विकायचा. मी सगळा हिशोब शेतीच्या भाषेत लावायचो. मैदान म्हणजे वावर, कोवळे खेळाडू म्हणजे गोऱ्हे, आणि कोच म्हणजे गडी.

खेळानं मला दिलेल्या कोचचं नाव होतं यानोस तारबेक. नावाशेजारी एक चेहरा काढलेला असायचा. टकलू, झुबकेदार मिशीचा, थेट आमच्या शाळेच्या शिपायासारखा. त्याच्यापुढे दोन आकडे होते. एक शिकवण्याचा, तो यथातथाच. दुसरा माणसं सांभाळण्याचा, तो उत्तम. म्हणजे माझे खेळाडू काही शिकत नव्हते, पण हरूनही खुशीत असायचे. त्या खेळाचा हंगाम काही महिन्यांचा असे. मी त्यालाच साल धरलं. कोचला हंगामाच्या मध्ये काढण्याची पूर्ण सोय होती आणि शहाणे लोक सर्रास काढत. मी काढला नाही. साल कसं मोडायचं? हंगाम संपून नवा करार आला की खेळ विचारायचा, पगार तोच ठेवायचा की वाढवायचा. मी वाढवला, कारण पुढचं साल मागच्याच बोलीवर ठरवणाऱ्या मालकाला आमच्यात चिकट म्हणतात. एक बटण बक्षिसाचं होतं, मोठा सामना जिंकल्यावर दाबायचं. मी ते पोळ्याला दाबलं. पोळ्याला गड्याला कपडे करतात. त्या आठवड्यात माझा संघ सहा गोलांनी हरला होता.

फिनलंडचा एक मालक होता, आमच्याच गटात. तो संदेशाच्या चौकटीत लिहायचा. त्याला माझा जमाखर्च दिसायचा नाही, पण तारबेकच्या पगाराचा आकडा सगळ्यांना दिसत होता. त्यानं विचारलं, एवढ्या सामान्य कोचला तू राजासारखा का पोसतोस? मी डिक्शनरी घेऊन तासभर खपून उत्तर लिहिलं की तो आमच्याकडे एक साल राहिलेला आहे. यावर त्यानं नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. मला त्या प्रश्नचिन्हाचंही बरं वाटलं होतं. रविवारच्या दुपारी माझ्याशी कुणीतरी बोललं होतं.

व्हायचं ते झालं. जमाखर्चाच्या पानावर खालचा आकडा आधी काळा होता, मग लाल झाला. तिकिटं खपेनात, कारण हरणाऱ्या संघाला बघायला कोण येणार, आणि खर्चाच्या बाजूला सगळ्यात वर तारबेक. दोन बरे गोऱ्हे विकले, त्यातून चार आठवडे निघाले. फिजिओ काढला. मैदानाच्या अर्ध्या पायऱ्या मोडून टाकल्या, कारण त्यांच्या देखभालीचा खर्च होता. शेवटी खेळाकडूनच ताकीद आली की खातं असंच लाल राहिलं तर संघ काढून घेतला जाईल. योगायोग असा की तारबेकच्या हंगामाचा शेवट आणि आमचा पाडवा एकाच आठवड्यात आले. अकरावीची परीक्षा संपली होती. वसतिगृह रिकामं करायची नोटीस लागली होती. बा मागच्या खेपेला म्हणून गेला होता, "पाडव्याचं निपटू दे, मंग ये आखाड्यावर." त्याच खेपेला आणखी एक म्हणाला होता. मालकानं ट्रॅक्टर घेतला आणि बैलं बाजारात गेली. "घंट्या वाजत न्हाईत, झोप येऊन न्हाई राहिली," एवढंच. मी ऐकलं आणि पुढचा घास घेतला. बैलं गेली तर गेली, बाचं साल ते बाचं साल, ते कसं जाईल असंच मला वाटत होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅफेत तारबेकचं पान उघडून बसलो होतो. एका बाजूला 'ठेवा' आणि दुसऱ्या बाजूला 'सोडा' अशी दोन बटणं. ठेवला तर संघ नक्की जाणार होता. सोडला तर कसाबसा टिकला असता. बाहेर ऊन असं की स्टँडवरचे कंडक्टरसुद्धा ओरडायचे थांबले होते. तेवढ्यात रफीकभाईंचा आवाज आला, "संघपाल, तेरे वालिद आये रे." मी वळून पाहिलं तर पडद्याखाली पाय दिसले. भेगाळलेल्या टाचा, आणि पायात जुन्याच वहाणा, डाव्या अंगठ्यापाशी टायरचा तुकडा लावून शिवलेल्या.

त्या वहाणा बघितल्या आणि सगळं कळलं. पडदा सारायला हात उठेना.

बानेच पडदा सारला. काखेत वाकळेची गुंडाळी, हातात पत्र्याची पेटी. वसतिगृहाच्या वॉचमननं त्याला इकडे पाठवलं होतं. रफीकभाईंनी खुर्ची दिली, चहा सांगितला. बा खुर्चीच्या कडेवर बसला आणि वाकळ मांडीवर घेतली. चहा आला तसा त्यानं कप दोन्ही हातांनी धरला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं.

"ह्यो कोन?"

"माझा कोच हाय, बा. म्हंजे गडी समज. खेळनाऱ्यांकडून काम करून घेतो."

"तुझा गडी?" बा हसला. एवढ्या उन्हातून, एवढं सगळं घेऊन आलेला माणूस खरोखर हसला. "आन तू मालक?"

"व्हय."

"किती सालं झाली त्याला?"

"दोन."

"बायकापोरं?"

"ह्याच्यात बायकापोरं नसत्यात, बा."

"मंग बरंय त्याचं," बा म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. "आता काय करून राहिलास?"

मी सांगितलं. साल संपलंय, पैसा संपलाय, ठेवला तर सगळा संघच जातो. बानं थोडा विचार केला. मग एखाद्या बैलाचं बोलावं तसं शांतपणे म्हणाला, "मंग काढ की. काहून थांबलास?"

मी माउसवर हात ठेवला, तसा त्यानं माझं मनगट धरलं.

"असं? बटन दाबून? त्याला सांगितलंस का?"

"त्याला काय सांगायचं, बा. खेळातला हाय त्यो."

"आमच्या मालकानं मला सांगितलं न्हाई," बा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "काल दिसभर ओट्याखाली बसून राह्यलो. पुरनाचं जेवन आलं. हिशोब आला, बराबर दिला, तकलीफ न्हाई. वहाणा न्हाई आल्या. मला वाटलं, इसरला आसंल. आज सकाळी बी जाऊन बसलो. मंग त्याच्या पोरानं आखाड्याला नवं कुलूप घातलं, तवा समजलं. काढायचं त काढावं. टॅक्टर आला, बैलं गेली, गडी काय करतो आता, मला बी समजतंय की. पर तोंडानं सांगावं. लिंबाजी, तुझं कायी चुकलं न्हाई. येवढंच सांगावं मानसानं."

मला रडायला येत होतं, आणि बासमोर रडायची मला सवय नव्हती. म्हणून मी खेळाची एक सोय शोधून काढली. प्रत्येक संघाच्या पानावर एक फळा होता, त्यावर मालकानं जाहीर निवेदन लिहायचं, इतर संघांना वाचता येईल असं. मी तो उघडला आणि म्हणालो, "सांग बा. काय लिहू?"

बा सावरून बसला. ओट्यासमोर बसतात तसा नाही, ओट्यावर बसतात तसा.

"ल्ही. नाव काय म्हनलास? तारबेक. तारबेक, तू आमच्याकडं दोन सालं केली. तुझं कायी चुकलं न्हाई. तुझ्या कामात खोट न्हाई. आमच्याकडं पैका ऱ्हायला न्हाई, म्हनून तुला सोडून राहिलो. मनात धरू नगंस." तो थांबला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत एकेक शब्द शोधत होतो. 'मनात धरू नको' याला मला शब्दच सापडेना, मी 'रागावू नको' असं लिहिलं. "आन ल्ही, जाताना नव्या वहाणा देतो. अनवानी नगं धाडू. त्याला लई लांब जायाचं आसंल."

मी बाकडे बघितलं. तो पडद्यातल्या त्या टकलू माणसाकडे बघत होता.

वहाणांना मी 'नवे बूट' लिहिलं. मग बक्षिसाचं बटण दाबलं, आणि त्यानंतर 'सोडा'चं. लाल आकडा आणखी खाली गेला. बक्षीस दिलं नसतं तर संघ कदाचित वाचला असता. बानं विचारलं, "वाचल का त्यो?" मी म्हणालो, "वाचल."

पुढच्या गुरुवारनंतर संघ काढून घेतला गेला. त्याआधी एकदा मी पान उघडलं होतं, तेव्हा फिनलंडवाल्यानं निवेदनाखाली लिहिलं होतं, कसले बूट? ते सांगण्याएवढं इंग्रजी मला आजही येत नाही.

त्या दुपारी आम्ही कॅफेतून निघालो आणि सवयीनं स्टँडवर आलो. नेहमीच्या बाकावर बसलो. बानं फडक्यातून मालकाकडच्या दोन पुरणपोळ्या काढल्या, आदल्या दिवशीच्या, वाळून कडक झालेल्या. आम्ही पाण्याबरोबर खाल्ल्या. गाड्या लागत होत्या, पाट्या बदलत होत्या, औंढा, हिंगोली, परभणी. बा प्रत्येक पाटी मला वाचायला लावायचा आणि ऐकून मान हलवायचा. बऱ्याच गाड्या गेल्यावर त्यानं विचारलं, "आपली कोन्ती, संघ्या?" मी पुढची पाटी वाचून दाखवली. माझ्या सबंध आयुष्यात मी तेवढा एकटा पुन्हा कधी पडलो नाही, आणि शेजारी तर बा बसला होता.

मग काय, जगलोच की. सेनगावला ताईच्या सासरी जायचं बाला पटेना. वसमतच्या हळदीच्या बाजारात त्याला हमालीचं काम मिळालं आणि आम्ही एक पत्र्याची खोली घेतली. पोत्यांच्या धुळीनं त्याचे केस, कान, पापण्या पिवळ्या व्हायच्या. पहाटे तो उठून बसायचा आणि कान देऊन ऐकायचा. काय ऐकतोस असं मी कधी विचारलं नाही. मी रफीकभाईंकडे लोकांचे अर्ज टाइप करायला लागलो. पहिले पैसे हातात आले तेव्हा स्टँडमागच्या चांभाराकडून मी चामड्याच्या वहाणांचा जोड आणला आणि बापुढे ठेवला.

"हे कशाला?"

"पाडव्याच्या ऱ्हायल्या व्हत्या."

बानं त्या उचलून उलट्या करून बघितल्या, शिवण ओढून बघितली. मग म्हणाला, "मंग मी तुझ्याकडं सालानं राह्यलो म्हन की." आणि पायात घालून खोलीतल्या खोलीत तीन-चार चकरा मारल्या. करकर, करकर. पत्र्याच्या खोलीत तो आवाज केवढा तरी झाला.

त्यानंतर प्रत्येक पाडव्याला हे ठरलेलंच. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, हिंगोलीला घर बांधलं, तरी बा सकाळी अंघोळ करून ओसरीवर येऊन बसायचा, जमिनीवर नाही, खुर्चीवर, आणि मिशीत हसत विचारायचा, "काय मालक, ठिवतूस का काढतूस?" मी आतून वहाणा आणून पुढे ठेवायचो. लेकीला हा काय प्रकार आहे ते कधी कळलं नाही. तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी आजोबांना पाडव्याला वहाणा देतात.

गेल्या पाडव्याचा जोड अजून दाराशी आहे. त्याची करकर जायच्या आधीच बा गेला. मधेच साल मोडून गेला, आणि तोंडानं सांगितलंसुद्धा नाही.